डीएनएस बदलला की ब्लॉक केलेली साइट उघडते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं भारतातलं घरगुती ब्रॉडबँड आणि मोबाइल नेट डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. आकडे आणि नावं इथे देवनागरीत आहेत, पण फोनवर किंवा कॉम्प्युटरवर टाइप करताना ती इंग्रजीतच टाका.

आधी थोडक्यात सांगा. उघडते की नाही?

कधी उघडते, कधी नाही. नेट पुरवणाऱ्या कंपनीने साइट कुठे अडवली आहे त्यावर ते ठरतं. अडवणूक डीएनएसमध्येच असेल तर डीएनएस बदलला की काम झालं. ती त्याच्या पुढच्या टप्प्यावर असेल, तर गूगलचा ८.८.८.८ टाका नाहीतर क्लाउडफ्लेअर कंपनीचा १.१.१.१, साइट उघडणार नाही. आपल्याकडे दोन्ही प्रकार सर्रास चालतात. म्हणूनच एकाला यश येतं, शेजारच्याला येत नाही, आणि दोघंही खरंच सांगत असतात.

डीएनएस नेमकं काय करतो?

नावावरून पत्ता सांगतो, एवढंच. आपण साइटचं नाव टाइप करतो, पण यंत्रांना एकमेकांपर्यंत पोचायला आकड्यांचा आयपी पत्ता लागतो. ही नाव-पत्त्याची व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये आखली आणि तिचा गाभा आजही तोच आहे. नेट घेतलं की कंपनी आपला डीएनएस आपोआप तुमच्या राउटरला देऊन टाकते. बहुतेक लोक आयुष्यभर तोच वापरतात, तो आहे हेही त्यांना माहीत नसतं.

नव्या गावात पत्ता शोधताना आपण नाक्यावरच्या पानपट्टीवर विचारतो. पानवाल्याने सांगायला नकार दिला किंवा मुद्दाम भलतीकडे धाडलं, तर पुढच्या दुकानात विचारता येतं. डीएनएस बदलणं म्हणजे हे पुढचं दुकान. पण पत्ता बरोबर मिळूनही त्या गल्लीच्या तोंडाशी नाकाबंदी असेल, तर दहा दुकानांत विचारून उपयोग नाही.

कंपन्या साइट अडवतात तरी कशी?

सगळ्यात स्वस्त पद्धत डीएनएसची. साइटचं नाव विचारलं की कंपनीचा डीएनएस 'असं नावच नाही' म्हणतो, किंवा स्वतःच्याच एखाद्या सर्व्हरचा पत्ता देतो. त्या सर्व्हरवर 'सरकारच्या आदेशानुसार ही साइट बंद केली आहे' अशा अर्थाची पाटी असते.

दुसरी पद्धत साध्या, कुलूप नसलेल्या 'एचटीटीपी' साइटसाठीची. तिथे तुमची मागणी उघड्यावर जाते. कंपनीचं यंत्र ती वाचतं आणि मध्येच पाटी दाखवतं. आता जवळपास सगळ्या साइट 'एचटीटीपीएस'वर गेल्यामुळे ही पद्धत मागे पडली आहे.

तिसरी पद्धत नीट समजून घ्या, कारण डीएनएस बदलणारे बहुतेक जण तिच्यापाशीच अडतात. एचटीटीपीएसमध्ये पुढचं सगळं बोलणं गुप्त असतं, पण जोडणी सुरू होताना तुमचा ब्राउझर पहिल्याच निरोपात 'मला अमुक साइट हवी आहे' हे नाव उघड सांगतो. एकाच सर्व्हरवर शेकडो साइट असू शकतात, म्हणून ते सांगावं लागतं. या रकान्याला एसएनआय म्हणतात. टीएलएस म्हणजे एचटीटीपीएसमागचं कुलूप. २०१८ मध्ये आलेल्या टीएलएस १.३ ने साइटचं ओळखपत्र, म्हणजे प्रमाणपत्रही झाकलं, पण हे नाव उघडंच राहिलं. कंपनीचं यंत्र ते वाचतं आणि दोन्ही बाजूंना 'जोडणी तोडा' असा खोटा निरोप पाठवतं. डीएनएस कुठलाही असो, नाव इथे दिसतंच. जिओ अशा पद्धतीने साइट अडवते हे सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं. त्यांच्याच पुढच्या अभ्यासात असंही दिसलं की सगळ्या कंपन्या सारख्याच साइट अडवत नाहीत, आणि अडवण्याची रीतही कंपनीगणिक वेगळी असते.

चौथी पद्धत थेट आयपी पत्ताच बंद करण्याची. ती सगळ्यात धसमुसळी, कारण एका पत्त्यामागे असंख्य निरपराध साइट असतात. स्पेनमध्ये २०२५ च्या फेब्रुवारीपासून फुटबॉल सामन्यांच्या चोरट्या प्रक्षेपणावर उपाय म्हणून, असंख्य साइट जिच्या सर्व्हरमागे आहेत त्या क्लाउडफ्लेअरचे पत्ते अडवले जाऊ लागले, आणि सामन्यांच्या वेळेत लहानसहान दुकानांच्या साइटही बंद पडू लागल्या.

माझ्याकडे यातला कोणता प्रकार आहे, हे कसं ओळखायचं?

आधी साइटच बंद नाही ना ते बघा. दुसऱ्या कंपनीच्या सिमवर ती उघडते का, परदेशातल्या नातेवाइकाला दिसते का, हे विचारा. ही साधी पायरी गाळून लोक तासन्‌तास राउटरशी झटत बसतात.

मग विंडोजवर 'सीएमडी' शोधून काळी खिडकी उघडा. 'एनएसलुकअप' लिहा, एक जागा सोडून साइटचं नाव, आणि एंटर. आलेला पत्ता टिपून ठेवा. आता तीच ओळ पुन्हा लिहा, पण साइटच्या नावानंतर आणखी एक जागा सोडून ८.८.८.८ जोडा. पहिलं उत्तर तुमच्या कंपनीच्या डीएनएसचं, दुसरं गूगलच्या.

इथे एक गफलत हमखास होते. दोन उत्तरं वेगळी आली म्हणजे अडवणूक आहेच, असं नाही. मोठ्या साइट गिऱ्हाईक कुठे आहे ते पाहून वेगवेगळे पत्ते देतात. संशय घ्यावा अशी लक्षणं वेगळी आहेत. पहिलं उत्तर 'नॉन-एक्झिस्टंट डोमेन' आणि दुसरं व्यवस्थित, पहिल्यात १२७.०.०.१ किंवा ०.०.०.० असा कुठेच न नेणारा पत्ता. किंवा एकमेकींशी काडीचा संबंध नसलेल्या दोन बंद साइटना नेमका एकच पत्ता. हे तिसरं दिसलं की समजा, तो पाटीवाला सर्व्हर आहे.

दोन्ही उत्तरं ठीक, तरीही ब्राउझर क्षणात 'कनेक्शन रीसेट' म्हणतो? मग बहुधा एसएनआयवर अडवणूक आहे. नुसतंच चाक फिरत राहून शेवटी 'टाइम्ड आउट' आलं, तर आयपी पत्ता अडवला असेल किंवा साइट खरंच बंद असेल.

ब्राउझर 'तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतो. पुढे जाऊ का?

नाही. कंपनीच्या डीएनएसने तुम्हाला भलत्याच सर्व्हरवर पाठवलं की त्याच्याकडे त्या साइटचं प्रमाणपत्र नसतं, म्हणून हा इशारा येतो. पण एखादा चोर मध्ये बसला असेल तरी अगदी असाच इशारा येतो, आणि दोन्हींतला फरक तुम्हाला दिसणार नाही. विशेषतः बँकेच्या किंवा ईमेलच्या साइटवर हे दिसलं तर तिथेच थांबा.

डीएनएस बदलला, पण ढिम्म फरक नाही. का?

कारणं बरीच आहेत. ज्या क्रमाने ती तपासावीत त्या क्रमाने सांगते.

जुना पत्ता कॉम्प्युटरने लक्षात ठेवलेला असतो. विंडोजवर 'आयपीकॉन्फिग', जागा, तिरकी रेघ, 'फ्लशडीएनएस' ही आज्ञा द्या आणि ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा.

त्यानंतर आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी, लांब पद्धत (जुनी ती आयपीव्ही४). हे कारण आपल्याकडे फार मोठं आहे आणि ते बहुतेक जणांच्या ध्यानात येत नाही. भारतातल्या मोठ्या कंपन्या आयपीव्ही६ भरपूर वापरतात. तुम्ही आयपीव्ही४ च्या रकान्यात ८.८.८.८ भरलंत, पण आयपीव्ही६ चा रकाना 'आपोआप' वर राहिला, तर यंत्र खुशाल कंपनीच्याच आयपीव्ही६ डीएनएसला विचारत राहतं. तिथेही भरायला हवं. गूगलचा पत्ता २००१:४८६०:४८६०::८८८८, क्लाउडफ्लेअरचा २६०६:४७००:४७००::११११.

राउटरही तपासा. १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ वर त्याचं पान उघडतं. स्थानिक केबलवाल्याने बसवलेल्या राउटरमध्ये डीएनएसचा रकाना पुष्कळदा राखाडी असतो, बदलताच येत नाही. अशा वेळी राउटरशी झगडू नका, प्रत्येक फोनवर आणि कॉम्प्युटरवर स्वतंत्र बदल करा.

आणि शेवटी, कंपनी तुमचा प्रश्न वाटेतच पकडत असू शकते. साधा डीएनएस ५३ क्रमांकाच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे जोडणीचं क्रमांक दिलेलं दार), उघड्यावर जातो. तुम्ही ८.८.८.८ ला विचारलंत तरी कंपनीचं यंत्र तो प्रश्न झेलून स्वतःच उत्तर देतं आणि वर गूगलचं नाव लावतं. हे पकडायची एक छान युक्ती आहे. १९२.०.२.१ हा पत्ता फक्त पुस्तकांत आणि कागदपत्रांत उदाहरण म्हणून वापरायला राखून ठेवला आहे, त्यावर जगात कुठेही डीएनएस सर्व्हर नाही. एनएसलुकअपच्या ओळीत ८.८.८.८ ऐवजी हा पत्ता टाका. 'टाइम्ड आउट' आलं तर ठीक. उत्तर आलं, तर ते देणारा कुणीतरी मध्ये बसला आहे. तो तुमचा स्वतःचा राउटरही असू शकतो, म्हणून मोबाइल हॉटस्पॉटवरून पुन्हा करून बघा.

मग त्यावर इलाज?

कुलूपबंद डीएनएस. त्याचे दोन प्रकार आहेत. 'डीएनएस ओव्हर टीएलएस' २०१६ मध्ये प्रमाणित झाला, तो ८५३ पोर्टवरून जातो. 'डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस' २०१८ चा, तो नेहमीच्या वेबच्या ४४३ पोर्टवरून जातो. दोन्हींत तुमचा प्रश्न वाचता येत नाही आणि उत्तर बदलता येत नाही. पहिल्याचं पोर्ट वेगळं असल्यामुळे कुणाला तो सरसकट बंद करता येतो. दुसरा वेबच्या गर्दीत मिसळून जातो, म्हणून अडवायला अवघड.

अँड्रॉइड ९ पासूनच्या फोनमध्ये पहिला प्रकार तयारच आहे. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' शोधा आणि 'होस्टनेम' चा पर्याय निवडा. तिथे आकडे चालत नाहीत, नाव लागतं. ८.८.८.८ टाकून 'सेव्ह होत नाही' म्हणणारे पुष्कळ भेटतात. गूगलसाठी 'डीएनएस', टिंब, 'गूगल' एवढंच लिहायचं. क्लाउडफ्लेअरसाठी 'वन' हा शब्द चारदा, मध्ये टिंबं. मोबाइल डेटावर डीएनएस बदलायचा सगळ्यात सोपा रस्ता हाच.

आयफोनवर आयओएस १४ पासून सोय आहे, पण त्यासाठी प्रोफाइल किंवा ॲप बसवावं लागतं. प्रोफाइल घ्यायचं तर डीएनएस देणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या, टेलिग्रामवर फिरणारं कदापि नको. विंडोज ११ मध्ये नेटवर्कच्या डीएनएस सेटिंगमध्येच कुलपाचा पर्याय आहे. क्रोममध्ये 'सिक्युअर डीएनएस' आणि फायरफॉक्समध्ये 'डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस' या नावाने तो सापडतो, मात्र तो फक्त त्या ब्राउझरपुरता लागू होतो.

कुलूपबंद डीएनएसने एसएनआयची अडवणूकही सुटते का?

एरवी नाही. पण एक वाट उघडते आहे. 'एन्क्रिप्टेड क्लायंट हॅलो', लघुरूप ईसीएच, हे तंत्र पहिल्या निरोपातलं साइटचं नावही झाकतं. त्यासाठी लागणारी किल्ली डीएनएसमधूनच मिळते, म्हणून कुलूपबंद डीएनएस त्याचा पाया आहे. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ते २०२३ मध्ये आलं. मात्र साइटच्या बाजूनेही तयारी हवी, आणि ती सगळ्यांची नाही. शिवाय ईसीएच वापरणारी जोडणीच तोडायची असं एखादं सरकार ठरवू शकतं. रशियाने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तसं केलं.

कोणता डीएनएस घ्यावा?

गूगल २००९ पासून आहे, ८.८.८.८ आणि ८.८.४.४. क्लाउडफ्लेअर २०१८ पासून, १.१.१.१ आणि १.०.०.१. क्वाड९ चा पत्ता ९.९.९.९. ही ना-नफा संस्था आहे, २०२१ मध्ये ती स्वित्झर्लंडला गेली, आणि फसव्या व घातक साइट ती आपणहून गाळते. ओपनडीएनएस सगळ्यात जुना, २००६ चा, आता सिस्कोच्या मालकीचा, २०८.६७.२२२.२२२. घरात लहान मुलं असतील तर क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ अश्लील आणि घातक दोन्ही प्रकारच्या साइट गाळतो.

माझं मत विचाराल तर घरात वडीलधाऱ्यांच्या फोनवर क्वाड९ घालून द्यावा. वीजबिल थकल्याचे, पार्सल अडकल्याचे खोटे मेसेज येतात ना, त्यातल्या ज्या लिंक आधीच यादीत आल्या आहेत त्या उघडतच नाहीत. अडवलेली साइट उघडण्यापेक्षा हा उपयोग मला कितीतरी मोलाचा वाटतो.

दुय्यम रकान्यात दुसऱ्या संस्थेचा पत्ता टाका. १.१.१.१ ची सेवा २०२५ च्या जुलैत सुमारे तासभर जगभर कोलमडली होती. दोन्ही रकान्यांत क्लाउडफ्लेअर असणाऱ्यांचं नेट 'गेलं', एक गूगल ठेवणाऱ्यांचं बहुतेक चालू राहिलं. गाळणी म्हणून क्वाड९ किंवा १.१.१.३ वापरत असाल तर मात्र दोन्ही रकाने गाळणीचेच हवेत, नाहीतर नको ती साइट दुसऱ्या रकान्यातून आत येते.

म्हणजे माझी माहिती आता त्यांच्याकडे जाणार?

हो, आणि हे नीट समजून निवड करा. आधी तुम्ही कोणत्या साइटची नावं विचारता हे तुमच्या नेट कंपनीला दिसायचं, आता ते डीएनएस देणाऱ्याला दिसतं. विश्वास एका दारातून दुसऱ्या दारी गेला. क्वाड९ आयपी पत्ते साठवत नाही असं सांगते, क्लाउडफ्लेअर नोंदी साधारण दिवसभरात पुसण्याचं आश्वासन देते, गूगल तात्पुरत्या नोंदी एक-दोन दिवस ठेवते. शिवाय नेट कंपनीला एसएनआय आणि आयपी पत्ते दिसतच राहतात. डीएनएस बदलल्याने तुम्ही अदृश्य होत नाही.

हे बेकायदेशीर आहे का?

स्वतःच्या फोनचा डीएनएस बदलू नये असा भारतात कायदा नाही. साइट अडवण्याचे आदेश माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली निघतात, किंवा न्यायालयाकडून येतात. ते बजावले जातात नेट कंपन्यांवर, आणि न पाळल्यास सात वर्षांपर्यंतची कैदही मध्यस्थ कंपनीसाठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दल शिक्षा देणारं कलम ६६अ रद्द केलं, पण ६९अ कायम ठेवलं.

याचा अर्थ तिथे गेल्यावर काहीही करायला मोकळीक आहे, असा नाही. मुलांचं लैंगिक शोषण दाखवणारा मजकूर पाहणं-शोधणं हाच कलम ६७ब खाली गुन्हा आहे, मग तुम्ही कुठल्याही वाटेने गेलेले असा. कॉपीराइटचा कायदाही लागूच राहतो. जम्मू-काश्मीरमध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी वेळोवेळी व्हीपीएनवर (सगळी वाहतूक गुंडाळून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) मनाई काढली आहे, तिथे असाल तर स्थानिक आदेश वाचा. आणि ऑफिस, कॉलेज, हॉस्टेलचं वायफाय असेल तर त्यांचे नियम वेगळे. तिथली अडवणूक चुकवणं हा कायद्यापेक्षा नोकरीचा किंवा प्रवेशाचा प्रश्न होऊ शकतो.

सरकारं या पर्यायी डीएनएसवरच हात टाकत नाहीत का?

टाकतात. सगळ्यात गाजलेलं उदाहरण तुर्कस्तानचं. २० मार्च २०१४ च्या रात्री तिथे ट्विटर अडवलं गेलं, तेही डीएनएसमधून. लोकांनी ८.८.८.८ हे आकडे भिंतींवर रंगवले, एकमेकांना सांगितले, आणि ट्विटर चालूच राहिलं. मग सरकारने आयपी पत्ते अडवले. त्यानंतर, स्थानिक निवडणुकांच्या आदल्या दिवशी, गूगलने जाहीर केलं की तुर्की कंपन्यांनी गूगलच्या डीएनएसचा तोतया सर्व्हर उभा केला आहे. म्हणजे लोक ८.८.८.८ विचारत होते आणि उत्तर भलताच देत होता. एप्रिलच्या सुरुवातीला घटनात्मक न्यायालयाने ट्विटरवरची बंदी हक्कांवर गदा आणणारी ठरवली आणि ती उठली. साध्या डीएनएसची ताकद आणि तिची हद्द, दोन्ही त्या पंधरवड्यात दिसल्या.

युरोपात आता न्यायालयं थेट डीएनएसवाल्यांना आदेश देऊ लागली आहेत. फ्रान्समध्ये २०२४ मध्ये सामन्यांच्या चोरट्या प्रक्षेपणावरून गूगल, क्लाउडफ्लेअर आणि सिस्को यांना तसे आदेश झाले. सिस्कोने ओपनडीएनएसची सेवाच फ्रान्समधून काढून घेतली. जर्मनीत मात्र सोनीने क्वाड९ विरुद्ध आणलेल्या खटल्यात ड्रेस्डेनच्या न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये क्वाड९ च्या बाजूने कौल दिला.

टिकटॉकसारखी बंदी घातलेली ॲप चालतील?

नाही. २९ जून २०२० ला ५९ ॲपवर बंदी आली तेव्हा टिकटॉकने स्वतःच भारतातली सेवा थांबवली. सर्व्हरच नकार देत असताना पत्ता मिळून काय होणार?

इंटरनेट बंदी असताना डीएनएस उपयोगी पडतो का?

अजिबात नाही. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात तणावाच्या वेळी मोबाइल इंटरनेट बंद होतं, तेव्हा '१.१.१.१ टाका, चालू होईल' असे सल्ले देण्यात काही अर्थ नव्हता. डेटाच बंद असेल तर डीएनएसला विचारायला जाणार कसं? अशा बंदीचे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, आणि त्यांना न्यायालयात आव्हान देता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० ला अनुराधा भसीन खटल्यात स्पष्ट केलं आहे.

स्पीड वाढेल का? एफयूपी चुकवता येईल?

एफयूपी, म्हणजे ठरावीक डेटा संपला की वेग कमी करण्याची अट, चुकवता येत नाही. अनेक फायबर प्लॅनमध्ये महिन्याला ३,३०० जीबीनंतर वेग पडतो, त्याचा डीएनएसशी संबंध नाही. स्पीडही वाढत नाही. फक्त कंपनीचा डीएनएस रडतखडत चालत असेल तर पानं उघडायला लागणारा सुरुवातीचा वेळ वाचतो. कधीकधी उलटही होतं: कंपनीच्या जवळच्या साठ्यातून येणारा व्हिडिओ दूरच्या सर्व्हरवरून यायला लागतो. तसं वाटलं तर दुसरा डीएनएस करून बघा.

गावाकडचा सीसीटीव्ही इथून दिसत नाही. डीएनएस बदलू?

त्याने काही होणार नाही. बहुतेक कंपन्या एकच सार्वजनिक आयपी पत्ता शेकडो गिऱ्हाइकांत वाटतात, त्याला सीजीनॅट म्हणतात. बाहेरून आत यायला वाटच नसते. कंपनीकडून स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा स्वतंत्र आयपी घ्या, किंवा क्लाउडवर चालणारा कॅमेरा वापरा. 'डीडीएनएस' हे नाव सारखं वाटलं तरी ती वेगळी सेवा आहे आणि सीजीनॅटपुढे तीही चालत नाही.

दुबईत आहे. व्हॉट्सॲप कॉल डीएनएस बदलून लागेल?

नाही. तिथे अडवणूक कॉलच्या वाहतुकीवर आहे, नावावर नाही. व्हीपीएनचा सल्ला कुणी सहज देईल, पण जरा थांबा: अमिरातीच्या २०२१ च्या सायबर कायद्यात गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी आयपी पत्ता बदलल्यास ५ लाख दिऱ्हमपासून दंड आहे. घरच्यांशी बोलायला तिथे परवानगी असलेली कॉलिंग ॲप वापरा.

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये बसून भारतातल्या मालिका न दिसणं हा आणखी वेगळा प्रकार आहे. तिथे साइटच तुमचा पत्ता पाहून नाही म्हणते. 'स्मार्ट डीएनएस' नावाच्या पैसे घेऊन मिळणाऱ्या सेवा स्वतःचा सर्व्हर मध्ये घालून हे जमवतात, पण ते साध्या डीएनएसचं काम नव्हे, आणि तुमची वाहतूक एका अनोळखी सर्व्हरमधून जाते.

मग सरळ व्हीपीएनच का घेऊ नये?

एसएनआय किंवा आयपीवरची अडवणूक असेल तर तांत्रिक उत्तर तेच आहे. सगळी वाहतूक गुंडाळून दुसरीकडे नेली जाते, नेट कंपनीला आतलं नाव दिसत नाही. पण केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे सीईआरटी-इनच्या, एप्रिल २०२२ च्या आदेशाने व्हीपीएन कंपन्यांना गिऱ्हाइकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितलं, आणि एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. जानेवारी २०२५ मध्ये क्लाउडफ्लेअरच्या १.१.१.१ ॲपसह काही ॲप भारतातल्या ॲप स्टोअर आणि प्ले स्टोअरवरून हटवली गेली. एकच कळकळीची विनंती: फुकट व्हीपीएनची अनोळखी एपीके फाइल बसवू नका. त्याच फोनवर तुमचं यूपीआय आहे.

डीएनएस बदलल्यावर हॉटेलचं वायफाय चालेना.

स्टेशन, हॉटेल, विमानतळ इथे आधी लॉगिनचं पान यावं लागतं, आणि ते त्यांच्याच डीएनएसवर अवलंबून असतं. प्रायव्हेट डीएनएस तात्पुरता 'ऑटोमॅटिक' वर न्या, लॉगिन करा, मग परत बदला. ऑफिसच्या आतल्या साइट, काही कंपन्यांचं बिल भरायचं पान, यांचंही असंच होतं.

चांगली साइट चुकून अडवली गेली असेल तर?

असं होतं, आणि वारंवार झालं आहे. डिसेंबर २०१४ मध्ये ३२ साइट अडवल्या गेल्या त्यात प्रोग्रामर कोड ठेवतात ते गिटहब होतं. ऑगस्ट २०१७ मध्ये चित्रपटांच्या चोरीविरुद्धच्या मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशांत इंटरनेट आर्काइव्ह सापडलं. जुनी, छपाईबाहेर गेलेली मराठी पुस्तकं आणि मासिकं ज्या एका जागी फुकट वाचायला मिळतात, ती जागा बॉलिवूडच्या दोन चित्रपटांपायी बंद झाली, हे मला आजही खटकतं. २०२२ मध्ये व्हीएलसी प्लेअरची अधिकृत साइट काही महिने बंद होती, तेव्हा लोक ते भलत्यासलत्या साइटवरून उतरवून घेत होते. नोव्हेंबरमध्ये बंदी उठली, ती हा प्लेअर बनवणाऱ्या संस्थेने पाठपुरावा केला म्हणून. हुंड्याची टर उडवणारी 'डाउरी कॅल्क्युलेटर' ही साइट २०१८ मध्ये अडवली गेली. तिच्या लेखकाला आदेशाची प्रत आणि सुनावणी मिळायला हवी, हे दिल्ली उच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावं लागलं.

डीएनएस बदलून तुम्ही आत शिरलात तरी बाकीच्यांसाठी दार बंदच राहतं, म्हणून तक्रार कराच. आधी नेट कंपनीच्या ग्राहक सेवेकडे करा, तक्रार क्रमांक घ्या, आणि पाटीचा स्क्रीनशॉट तारीख-वेळ दिसेल असा ठेवा. वर सांगितलेली एनएसलुकअपची दोन्ही उत्तरंही जोडा, म्हणजे 'तुमच्याच फोनमध्ये बिघाड आहे' असं सांगून कुणी बोळवण करणार नाही. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. सोबत केंद्राच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभाग किंवा इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या नावे तक्रार टाका. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत ऑनलाइन करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर यायला हवं. ६९अ च्या आदेशांबाबत नियम १६ ची गुप्तता पुढे करून नकार येण्याची शक्यता मोठी आहे, तरी तो लेखी नकार जपून ठेवा. साइट तुमची स्वतःची असेल तर उच्च न्यायालयात जाताना तो कागद लागतो.